वस्तीवरची बारा बोअर बंदूक : नावावर करून घ्यावी का? (मोहोळ-सोलापूर बाजू)

सीनाकाठ
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहितोच.

आमची शेतवस्ती मोहोळ तालुक्यात, गावापासून अडीच किलोमीटर आत. आई, बाबा, मी, बायको, दोन पोरं (नऊ आणि सहा वर्षांची), आणि गोठ्याशेजारी गडी, त्याची बायको, त्यांचं लहान लेकरू. शेजारच्या वस्तीपर्यंत हाक पोचत नाही, मध्ये उसाचा फड आहे.

बाबांकडे १९९१ पासून डबल बारची (दुनळी) बारा बोअर बंदूक आहे. परवाना रीतसर, नूतनीकरण वेळच्या वेळी. बाबा आता ७२ वर्षांचे झाले, हात थरथरतो. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर वारसाला त्या शस्त्रासाठी अर्ज करता येतो, असं कळलं. बाबांचं म्हणणं, पुढच्या नूतनीकरणाआधी तुझ्या नावावर करून घे.

मागच्या महिन्यात आमच्यापासून तिसऱ्या वस्तीवर रात्री चोरटे आले. पोरं झोपली होती त्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि पुढच्या खोलीत म्हातारीच्या कानातलं ओरबाडलं. कान फाटला. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला धड झोप नाही. आई म्हणते बंदूक विकून टाका, बाबा म्हणतात आत्ता तर हवीच. बायकोनं मात्र एकच प्रश्न विचारला: "बंदूक तुमच्या नावावर झाली तर ती कुणावर, कधी चालवणार, ते आधी सांगा." मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांच्या घरी आहे त्यांनी अनुभव सांगावेत. प्रशिक्षण कुठं, कसं घेतलं, घरात काय शिस्त पाळता, तेही.


बार्शीकर_बापू

घ्या नावावर. घरात बंदूक आहे एवढं पंचक्रोशीत माहीत असलं तरी निम्मं काम होतं. आमच्याकडं आजोबांपासून आहे, आजवर एकदाही बार काढायची वेळ आली नाही.


नान्नजकर

बापू, याची दुसरी बाजूही आहे. घरात बंदूक आहे हे ज्याला ठाऊक, तो बंदुकीसाठीच येतो, आणि घरी कुणी नसताना येतो. आमच्या भावकीत असंच झालं. सगळे लग्नाला गेलेले, कपाट फोडून बंदूक नेली. दागिने गेले असते तर चुलत्यांनी सोसलं असतं. बंदूक गेली तेव्हापासून ती कुठं, कुणावर वापरली जाईल या घोरानं माणूस खंगला. पोलीस ठाण्याच्या चकरा झाल्या त्या वेगळ्याच.


उस्ताद_निवृत्त

मी राज्य राखीव दलात होतो. शेवटची वर्षं सोरेगावला गेली. नोकरीचा बराच काळ पोरांना शस्त्र शिकवण्यात गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सीनाकाठ, तुमच्या घरातल्या माऊलीनं जे विचारलं तिथूनच सुरुवात करायची असते. चांदमारीत नेम आठ-दहा दिवसांत जमतो. चाप कधी ओढायचा नाही, हे अंगात मुरायला फार वेळ लागतो.

आधी एक मोजमाप करा. पुढच्या दारापासून तुम्ही झोपता त्या खाटेपर्यंत किती फूट आहे? १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर नावाच्या प्रशिक्षकानं वेळ लावून दाखवलं की हातात सुरा घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तुमच्या पडवीपासून खाटेपर्यंत २१ फूट असतील असं मला वाटत नाही. आता दीड सेकंदात काय होतं बघा. झोपेतून उठायचं, समोर कोण आहे हे ओळखायचं, कपाटाचं कुलूप काढायचं, दुसऱ्या जागेची काडतुसं आणायची, नळी मोडून भरायची. होणं शक्य नाही. मग माणसं काय करतात? भरलेली बंदूक उशाशी घेऊन झोपतात. आणि घरात नऊ नि सहा वर्षांची पोरं आहेत.

म्हणून घर राखायचं काम बंदुकीपाशी सुरू होत नाही. ते कुत्र्यापाशी, अंगणातल्या दिव्यापाशी आणि दारापाशी सुरू होतं. तिन्ही मिळून तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळवून देऊ शकले, तर बंदुकीचा उपयोग आहे. ती मिनिटं नसतील तर चोर तीच बंदूक तुमच्या हातातून काढून घेईल.

आता चार गोष्टी पाठ करा, पोरांनाही समजावा:

बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची, आत्ताच रिकामी करून ठेवली असली तरीही. जिथं गोळी लागलेली चालणार नाही तिथं नळी फिरवायची नाही. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, बाजूला सरळ. आणि समोर काय आहे, त्याच्या मागं काय आहे, हे दिसल्याशिवाय बार नाही.

तिसरी गोष्ट लोक हलक्यात घेतात. अंधारात ठेच लागली, कुणी ओरडलं, दुसऱ्या हातानं काही घट्ट धरलं, तर चापावरचं बोटही आपोआप आवळलं जातं. त्यात इच्छेचा प्रश्नच येत नाही, शरीर तसंच आहे. चांगले कसलेले जवान यात चुकलेले मी पाहिलेत.

चौथी गोष्ट वस्तीवर सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या गड्याची खोली पत्र्याची आहे का?


सीनाकाठ

हो अण्णा, पत्र्याचीच. गोठाही पत्र्याचा.


उस्ताद_निवृत्त

तेच विचारत होतो. बारा बोअरबद्दल गावाकडं एक समज आहे की छर्रा पसरतो, नेम धरायची गरज नाही. चूक आहे. ढोबळ हिशेब असा की दर यार्डाला छर्रा एखादा इंच पसरतो. घरातल्या घरात पाच यार्डांवर तो जेमतेम तळहाताएवढा झालेला असतो. म्हणजे नेम चुकला तर सगळाच चुकला. आणि चुकलेला बार पत्र्याला जुमानत नाही. मोठा छर्रा, ज्याला आपण एसजी, एलजी म्हणतो, तो पत्र्याच्या भिंतीतून पलीकडे जातो. पलीकडे गड्याचं लेकरू झोपलेलं असतं.

शिवाय बंद खोलीत बारा बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. कानात शिट्टी वाजायला लागते, पुढची काही मिनिटं घरातला माणूस काय ओरडतोय ते ऐकू येत नाही. कायमच्या बहिरेपणाची सुरुवात एका बारातही होते.

जुन्या डबल बारला जो सुरक्षेचा खटका असतो ना, तो बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवतो. बंदूक दगडावर पडली तर आतला घोडा सुटू शकतो. खटका लावलाय म्हणून भरलेली ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे.


कायदा_बाजू

मी फौजदारी वकिली करतो. सोलापूर आणि मोहोळ दोन्हीकडे जाणं असतं. बायकोच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर देतो, कारण या बाबतीत चावडीवर जे बोललं जातं ते माणसाला तुरुंगात नेऊ शकतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःचं किंवा दुसऱ्या कुणाचंही शरीर आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कलम ३७ म्हणतं, जितकी इजा करणं गरजेचं तितकीच, आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी पोचतो? शरीराच्या बाबतीत कलम ३८: जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या हेतूनं हल्ला, पळवून नेण्याच्या हेतूनं हल्ला, ॲसिड हल्ला आणि असेच काही. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि ज्या चोरीत किंवा घुसखोरीत जीवाचं बरंवाईट होईल अशी रास्त भीती आहे ती.

आता वस्तीवरची उदाहरणं घ्या. रात्री दोन वाजता विहिरीवरची केबल कापतोय, मोटार उचलतोय, डाळिंबं तोडतोय. ही चोरी आहे. नुसत्या चोरीला गोळी घालता येत नाही. कुंपणाच्या आत दिसला म्हणून गोळी घालता येत नाही. घरात शिरला होता, पण आता ऐवज टाकून पळतोय, पाठ फिरवलेली आहे, तर धोका संपला, आणि पाठीत घुसलेला छर्रा शवविच्छेदनात दिसतोच. रात्री दार फोडून आत आलेला, हातात कोयता असलेला माणूस ही वेगळी गोष्ट आहे.

न्यायालयं आंधळी नाहीत. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. जीवावर बेतलेला माणूस इजा तराजूत तोलून करू शकत नाही, हे तिथं मान्य केलंय. तरीही हे सगळं खटल्यात दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते. वर्षं जातात. जमीन विकली जाते.

आणि एक. बाबांचा परवाना म्हणजे बाबांचाच. घरातल्या इतरांनी ती बंदूक स्वतःच्या मनानं वापरली तर तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा होतो.


सीनाकाठ

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचून काल रात्री लिहिणार होतो, हिंमत झाली नाही. आता लिहितो.

२०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हा आमच्या फीडरला आठवडाभर रात्रीची लाईट असायची, बाराला यायची. चुलतभावाची विहीर आमच्या बांधाला लागून. एका रात्री कुत्रं भुंकायला लागलं. बाबा सोलापूरला दवाखान्यात होते. मी उठलो, कपाटातून बंदूक काढली, दोन्ही नळ्या भरल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. बॅटरी घेतली नाही. आपण दिसू नये म्हणून, असं तेव्हा वाटलं होतं.

कडब्याच्या गंजीपलीकडे कुणीतरी वाकून चालत होतं. हातात लांब काहीतरी. मी ओरडलो का? नाही. तोंडाला कोरड पडली होती, आवाजच फुटला नाही. बंदूक खांद्याला लावली. डोळ्यांसमोर तेवढी एक आकृती होती, बाकी काही दिसत नव्हतं, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. बोट चापावर होतं. ते कधी गेलं, मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला आणि उजेडात तोंड दिसलं. चुलतभावाचा पोरगा. सोळा वर्षांचा. बाप आजारी म्हणून मोटार चालू करायला आलेला. पाणी भरून यायला नको म्हणून वाकून पाटाची कडा बघत होता. हातात फावडं होतं.

मी बंदूक खाली घेतली आणि तिथंच बसलो. त्याला काही कळलं नाही. "काका, तुम्ही पण उठलाय का" म्हणाला आणि गेला. आजवर त्याला सांगितलेलं नाही. आता तो पुण्याला शिकतो, दिवाळीला येतो, पाया पडतो. प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडतो.

बायकोला हे माहीत आहे. तिचा प्रश्न तिथून आलेला आहे.


बार्शीकर_बापू

दादा, वाचून अंगावर काटा आला. वर मी घाईत लिहिलं, ते मागं घेतो.


जुळेसोलापूरची_मेधा

सीनाकाठ दादा, हे लिहिलंत म्हणून मी पण लिहिते.

माझे मामा अक्कलकोट भागातले. दोन वर्षं पाऊस नाही, द्राक्षबाग काढून टाकली, सोसायटीचं आणि बाहेरचं मिळून कर्ज. बोलायचे बंद झाले. मामीला एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं माझ्या भावाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, आधी घरातली बंदूक बाहेर जाऊ दे, मग डॉक्टरचं बघू. मामांना तयार केलं, त्यांच्याच सहीनं ती पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेही जमा ठेवता येते. मामा आज आहेत. नातवाला शाळेत सोडायला जातात.

घराचं रक्षण म्हणताना आपण नेहमी दाराबाहेरचा माणूस धरतो. घरातल्या माणसाची एखादी वाईट रात्र कुणी धरत नाही. बंदूक घरात आणताना चार प्रश्न विचारले जात असतील तर हा पाचवा जरूर विचारा.


मंगळवेढेकर

अंधारातल्या आकृतीवरून एक सांगावंसं वाटतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. त्यातली बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातली होती. प्रेतं गावात आली तेव्हा जो आकांत झाला तो या भागातला कुणी विसरलेला नाही.

आजही वस्त्यांवर अफवा उठते, व्हॉट्सॲपवर आवाज फिरतो, लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात. मेंढपाळ, ऊसतोडीची माणसं, रस्ता चुकलेला मोटारसायकलवाला, कुणीही सापडू शकतो. त्या वेळी जमावात एकाच्या हातात बंदूक असेल तर काय होईल याचा विचार करा. अनोळखी म्हणजे चोर, हे आधी डोक्यातून गेलं पाहिजे.


अशोकचौक

माझा प्रश्न जरा वेगळा. यंत्रमाग कारखाना आहे, पगाराच्या दिवशी रोकड न्यावी लागते. रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा म्हणतोय. शहरात कुणाकडे अर्ज?


कायदा_बाजू

शहर हद्दीत पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर साहेब. वय किमान २१. पोलिसांचा चौकशी अहवाल, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा एस-१ दाखला लागतो. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली, ती चांगली केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. ९ मिमीसारखी प्रतिबंधित बोअरची शस्त्रं सामान्य माणसाला मिळत नाहीत, .३२ मिळू शकतं.

पण खरं सांगू का, पगार बँकेतून द्यायला सुरुवात करा. रोकडच नसेल तर धोका निम्म्यावर येतो. आणि कुणी "लगेच मिळवून देतो" म्हणत गावठी कट्टा दाखवला तर त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका.

वरातीत बार काढणाऱ्यांसाठीही एक ओळ: २०१९ पासून हर्षभरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.


उस्ताद_निवृत्त

सीनाकाठ, तुम्ही जे लिहिलंत त्यात तुमच्या शरीरानं काय केलं ते नीट बघा. तोंडाला कोरड, आवाज न फुटणं, समोरची एकच गोष्ट दिसणं, कान बंद होणं, बोट नकळत आत जाणं. भीतीत प्रत्येकाचं असंच होतं. धाडसी माणसाचंही होतं. यावर इलाज एकच, त्या क्षणी करायचं काम आधीच ठरवून, घोकून, तोंडानं आणि हातानं शंभर वेळा करून ठेवायचं. भीतीत माणूस विचार करत नाही, सवयीचं तेवढं करतो.

मनाच्या तयारीसाठी अमेरिकन मरीन दलातले जेफ कूपर यांनी चार रंग वापरले होते. १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोनात शस्त्र प्रशिक्षणाची शाळा काढली. आम्हाला एका वरिष्ठांनी ते रंग शिकवले, मी पोरांना जागलीच्या भाषेत सांगायचो. पांढरा म्हणजे जागल्या झोपलाय. पिवळा म्हणजे बसलाय, विडी ओढतोय, पण कान रानाकडे आहेत. नारिंगी म्हणजे ज्वारीत काहीतरी हललं, आता सगळं लक्ष तिथं: रानडुक्कर आहे, वारा आहे की माणूस? लाल म्हणजे ठरवून ठेवलेली रेघ समोरच्यानं ओलांडली. लोकांची चूक कुठं होते, तर पांढऱ्यातून एकदम लालमध्ये उडी मारतात. झोपेतून उठून थेट बंदूक. तुम्ही २०१९ मध्ये तीच मारली होती. मधले दोन रंग जगायची सवय करा.

त्यासाठी घरात काय करायचं ते सांगतो. रात्री कुत्रं भुंकलं तर घराबाहेर पडायचं नाही. चोराला शोधायला जाणं हे पोलिसाचं काम आहे, आणि आम्हीसुद्धा ते एकट्यानं करत नव्हतो. सगळ्यांनी एका पक्क्या खोलीत यायचं. विटांची भिंत, आतून दोन कड्या. बाहेरचे दिवे लावायचं बटण त्या खोलीत हवं. एकानं ११२ ला फोन, दुसऱ्यानं शेजारच्या वस्तीला. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल तर तिथला एक फोन सगळ्या गावाला उठवतो. मग मोठ्यानं ओरडायचं: "कोण आहे? नाव सांग. पोलिसांना फोन केलाय." हे ओरडणं दिवसा सराव करून ठेवा, लाजू नका. आवाज फुटत नाही हे तुम्ही अनुभवलंय.

बॅटरी वेगळ्या हातात. बंदुकीला बांधायची नाही. बांधली की ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर नळी रोखली जाते.

या सगळ्यानंतर, दार फोडून कुणी त्या खोलीत येत असेल, तर परवानाधारकाच्या हातात बंदूक. ती रेघ दाराची चौकट. चौकटीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे जे काही जातंय ते जाऊ द्या. मोटार जाऊ द्या, शेळ्या जाऊ द्या.


कायदा_बाजू

उस्तादांच्या बोलण्याला जोड देतो. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना शस्त्र जमा करावं लागतं. म्हणजे निवडणुकीत महिना-दीड महिना बंदूक घरात नसणार आहे. पक्की खोली, दिवा, फोन ही व्यवस्था बंदुकीशिवाय उभी राहत असेल तरच ती खरी. आणि दुर्दैवानं बार काढायची वेळ आलीच तर लगेच ११२, जखमीसाठी रुग्णवाहिका मागा, शस्त्र रिकामं करून बाजूला ठेवा, जागेवरचं काही हलवू नका. जखमी माणसाला मदत दिली हे न्यायालयात दिसतं, आणि माणूस म्हणूनही ते करायचंच असतं.


सीनाकाठ
सुमारे तीन महिन्यांनी

मंडळी, उशीर झाला, पण काम चालू होतं म्हणून थांबलो होतो.

आधी घराचं केलं. आईबाबांची खोली विटांची होती, तिला सागवानी दार आणि आतून वर-खाली कड्या बसवल्या. अंगणात चार कोपऱ्यांना दिवे, बटण आत, इन्व्हर्टरवर. गड्याच्या खोलीला अर्ध्या उंचीपर्यंत वीट रचली आणि तिथून आमच्याकडे घंटी ओढली. आसपासच्या सहा वस्त्यांचा गट केला. नियम एकच: रात्री मोटारीवर कुणी जाणार असेल तर आधी गटावर नाव टाकायचं, आणि शेजारच्या बांधावर जाताना बॅटरी चालू ठेवायची. चुलतभावानं विचारलं हे एवढं कशासाठी. मी त्याला २०१९ चं सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन चहा टाकायला सांगून आला. पोराला सुट्टीत स्वतः सांगणार आहे.

मग प्रशिक्षण. पुण्याजवळच्या एका रेंजवर गेलो. पहिला दिवसभर एकही काडतूस दिलं नाही. नळी मोडायची, बोट घालून रिकामी बघायची, डमी काडतूस भरायचं, काढायचं, बंदूक दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची. मला वाटलं होतं मला हे येतं. सकाळभरात तिथल्या उस्तादांनी तीन वेळा टोकलं, तिन्ही वेळा बोट आत होतं. दुसऱ्या दिवशी बार काढले, कानाला संरक्षण लावून. एक काडतूस फुटलं नाही. मी लगेच नळी मोडायला गेलो तर ओरडले: नळी समोरच ठेव, ३० सेकंद मोज, उशिरानं पेटू शकतं. घरी आल्यावर बाबांचा जुना साठा बघितला. कितीतरी काडतुसं ओल धरून फुगलेली होती, पितळ हिरवं पडलेलं. त्यातलं एक २०१९ मध्ये माझ्या उजव्या नळीत होतं.

बायकोला उत्तर दिलं. कागदावर लिहून दिलं, वकीलसाहेबांच्या कलमांसकट, उस्तादांच्या चौकटीसकट. तिनं वाचलं आणि एक ओळ खाली लिहिली: "किल्ली दोघांची. एकट्यानं कपाट उघडायचं नाही." कपाटाला आता दोन कुलपं आहेत. काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या पेटीत. शेवटच्या संकटात यानं वेळ जाईल हे मान्य आहे. म्हणून दार मजबूत केलंय.

वारसाचा अर्ज दिला, बाबांच्या संमतीपत्रासह. चौकशीला ठाण्यातून येऊन गेले. एकच अडचण: बंदूक तपासणीला घेऊन या म्हणालेत. बाबांना एसटीनं नेणं जमणार नाही. मी एकट्यानं नेली तर चालेल का?


कायदा_बाजू

बाबांना शक्य असेल तर गाडी करून सोबतच न्या, ते उत्तम. अगदीच जमत नसेल तर नूतनीकरण किंवा दुरुस्तीसाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला नेता येते. तुमचं काम तपासणीचं आहे, म्हणून आधी ठाण्यात जाऊन त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी "आणा" म्हटलं यावर निघू नका. मूळ परवाना सोबत ठेवा.


उस्ताद_निवृत्त

आणि रिकामी, नळ्या काढून, खोळीत. काडतुसं न्यायची नाहीत. निघताना नळीतून आरपार उजेड दिसतो का ते तुम्ही बघा, मग बाबांना बघायला सांगा. तिथं पोचल्यावर समोरच्याच्या हातात देण्याआधी पुन्हा एकदा.


सीनाकाठ

बरं अण्णा. गुरुवारी सकाळी गाडी करतो, बाबांनाच घेऊन जातो.